घरातल्या घरात हॅलोवीन ट्रेझर हंट, ११ मुलं, वय ४ ते १०. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ३१ तारखेला आमच्याकडे मुलांची हॅलोवीन पार्टी आहे आणि मी उत्साहाच्या भरात "ट्रेझर हंट मी करते" असं बोलून बसलेय. बाहेर काही करायची सोय नाही, जे काय ते घरातच, म्हणजे दोन खोल्या, हॉल, किचन आणि एक लांबलचक पॅसेज.

आधी गेल्या वर्षीचा पराक्रम सांगते म्हणजे अडचण कळेल. तीन रात्री जागून मी बारा चिठ्ठ्या केल्या होत्या, कडा जाळून जुनाट केलेला कागद, त्यावर कोळ्याची जाळी वगैरे. खेळ किती वेळ चालला? सात मिनिटं! सगळ्यात मोठा मुलगा पुढे पळायचा, चिठ्ठी मनातल्या मनात वाचायचा आणि बाकीची वरात त्याच्यामागे, काय चाललंय कोणालाच पत्ता नाही. त्यात एकीने पाणी प्यायला म्हणून फ्रीज उघडला तर तिला थेट नववी चिठ्ठीच मिळाली. आणि माझ्या नवऱ्याने कोणालाही न विचारता बाथरूममध्ये पांढरी चादर आणि हँगरचं भूत टांगून ठेवलेलं, परिणामी आमची धाकटी पुढचे दोन दिवस दार सताड उघडं ठेवल्याशिवाय आत जायला तयार नव्हती.

तर यंदा तीन गोष्टी हव्या आहेत. खेळ निदान अर्धा तास चालावा, ज्यांना वाचता येत नाही (तिघं आहेत) त्यांनाही काम असावं, आणि कोणी रडू नये. कोडी थोडीफार जमवलीत, खाली देतेय, सोपी आहेत की अवघड ते सांगा.

जीभ आहे पण बोलत नाही, जोडीदाराशिवाय चालत नाही. (बूट)
मळकं खाते, गरगर फिरते, पोट भरलं की गडगड करते. (वॉशिंग मशीन)
तू हसलास की मीही हसतो, तू निघालास की मी नसतो. (आरसा)
दार उघडताच लागतो दिवा, आत बारा महिने गारच हवा. (फ्रीज)

अजून काय काय करता येईल? प्लीज सुचवा, दिवस थोडे राहिलेत.

प्रतिसाद: आरशाचं कोडं फार आवडलं. फ्रीजचं मात्र काढून टाका, तुम्हीच लिहिलंय की मुलं पाणी प्यायला तो उघडणारच. मुलं एरवीही ज्याला हात लावतात तिथे चिठ्ठी ठेवायचीच नाही असा आमच्याकडे नियम आहे. वॉशिंग मशीनची चिठ्ठी बाहेरून चिकटवा हं, आत नको, चार वर्षांचं पोर आत डोकं घालतं आणि कधीकधी स्वतःही आत बसतं. उंचीचंही बघा, सगळ्यात लहान मुलाच्या खांद्याच्या वर काहीच नको, नाहीतर कोणीतरी पुस्तकांच्या कपाटावर चढलंच म्हणून समजा.

प्रतिसाद: खेळ सात मिनिटांत संपला कारण तुमची साखळी सरळ होती, एक चिठ्ठी मग दुसरी मग तिसरी, अशात जो पटकन वाचतो तोच खेळतो. साखळी गोल करा. सहा जागा ठरवा, पहिल्या जागी दुसरीचं कोडं, दुसऱ्या जागी तिसरीचं, असं करत सहाव्या जागी परत पहिलीचं. आता मुलांच्या तीन टीम करा, ४, ४ आणि ३, प्रत्येकीचा रंग वेगळा, आणि एक टीम १ नंबरपासून सुरू, दुसरी ३ पासून, तिसरी ५ पासून. कोडी तीच सहा, फक्त प्रत्येक जागी तीन रंगांची तीन पाकिटं. कोणी कोणाच्या मागे पळू शकत नाही कारण पुढचा वेगळ्याच खोलीत असतो. आणि जिथून निघालो तिथलंच कोडं हातात आलं की समजायचं फेरी पूर्ण.

टीममध्ये मोठं एक, मधलं एक, छोटं एक असं मिसळून घ्या. वाचणार मोठा, पण पाकीट उघडायचा हक्क फक्त छोट्याचा! या एका नियमाने आमच्याकडची निम्मी भांडणं मिटली.

आता टीम म्हटलं की शर्यत आली आणि शर्यत म्हटलं की रडारड, त्यावर उपाय असा की खजिना एकच ठेवा, सगळ्यांचा मिळून. एका पुठ्ठ्यावर भुताच्या वाड्याचं मोठं चित्र काढा, खजिना जिथे आहे ती खिडकी लाल करा, चित्राचे १८ तुकडे कापा आणि प्रत्येक पाकिटात एक एक घाला. तिन्ही टीम परत आल्याशिवाय चित्र लागतच नाही, त्यामुळे जो आधी येतो तो उलट मागच्यांना ओरडून ओरडून मदत करत बसतो.

धागालेखिका: गोल साखळी!! अहो हे मला तीन रात्रींत का नाही सुचलं. एक शंका, छोट्यांना पाकीट उघडण्यापलीकडे काही देता येईल का?

प्रतिसाद: कामं द्या की. नुसत्या चिठ्ठ्यांनी वेळ जात नाही, कामांनी जातो. एका जागी टॉयलेट पेपरचा रोल ठेवायचा, टीममधल्या एकाला गुंडाळून ममी करायचं, झाली की पुढचं पाकीट. ममी नेहमी छोट्यालाच करा, त्यांना ते भारी आवडतं, फक्त तोंड आणि गळा मोकळा ठेवायचा. दुसऱ्या जागी खोक्याला हात जाईल एवढं भोक पाडून आत थंड उकडलेली शेवयांसारखी स्पॅगेटी, म्हणजे "आतडी", त्यात चिठ्ठी पिशवीत गुंडाळून. सोललेली द्राक्षं डोळे म्हणून ठेवतात लोक, पण तुमच्याकडे चार वर्षांची आहेत, अख्खं द्राक्ष घशात अडकू शकतं, तेव्हा ते राहू द्या. आणि खोकं वरून उघडून बघायची मुभा ठेवा, ज्याला भीती वाटते त्याने बघून हात घालावा.

प्रतिसाद: मोठ्यांसाठी गुप्त लिपी. लिंबाच्या रसाने लिहून गरम करायचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण एलईडी बल्ब त्यासाठी लागतो तेवढा तापतच नाही, मी वीस मिनिटं कागद धरून उभी होते, शेवटी इस्त्री आणावी लागली आणि ती मुलांच्या हातात देता येत नाही. त्यापेक्षा खायचा सोडा पाण्यात विरघळवून ब्रशने लिहा, पूर्ण वाळू द्या. मग मुलांनी हळद कालवलेलं सॅनिटायझर कापसाने वरून फिरवायचं. कागद पिवळा होतो आणि अक्षरं लालभडक उमटतात, अगदी रक्ताने लिहिल्यासारखी! सोडा अल्कली असतो म्हणून हळद लाल होते, दहा वर्षांवाल्यांना हे सांगा, चेहरे बघण्यासारखे होतात. आधी एकदा करून बघा, आणि हळद म्हणजे हळद आहे, सोफ्यापासून लांब. सॅनिटायझरची वाटी मोठ्या माणसाने सांभाळायची.

छोट्यांना पांढऱ्या मेणाच्या खडूने चित्र काढून द्या, वरून पातळ वॉटरकलर मारला की चित्र दिसतं. वाचायची गरजच नाही, बुटाचं चित्र दिसलं की बुटांकडे पळायचं.

प्रतिसाद: बाकी सगळं छान चाललंय, मी जरा कटकट करते. खऱ्या मेणबत्त्या अजिबात नकोत, त्या झगझगीत पोशाखांचं कापड भुरकन पेटतं. बॅटरीचे दिवे घ्याल तर आतला बटण सेल स्क्रूने बंद होणारा आहे का ते बघून घ्या, तो गिळला तर प्रकरण फार गंभीर होतं. ग्लो स्टिक चावू देऊ नका, आत काचेची बारीक नळी असते. आणि लाईट पूर्ण घालवू नका, पॅसेजमधला एक तरी चालू ठेवा, अंधारात ११ मुलं पळाली तर भुतापेक्षा कपाळावरच्या टेंगळांचीच आठवण राहील.

खाऊच्या अ‍ॅलर्जीबद्दल सगळ्या आईबाबांना आधीच विचारा. अमेरिकेत निळसर हिरव्या रंगाचा भोपळा दाराशी ठेवतात, म्हणजे इथे खाऊशिवाय दुसरी भेटही मिळते अशी खूण, २०१४ पासून ते देशभर पसरलंय. तुम्ही खजिन्यातच स्टिकर, खोडरबर, उड्या मारणारे बेडूक असलं काहीतरी ठेवा, म्हणजे कोणी वेगळं पडत नाही.

प्रतिसाद: शेवटी भोपळा ठेवणार असाल तर मोठ्यांना एक प्रश्न टाका, भोपळ्याच्या आधी काय कोरायचे? उत्तर सलगम. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सलगम कोरायचे, तिकडचे लोक अमेरिकेत गेले तिथे त्यांना भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला मऊ. आमच्या मुलाने "सलगम कोरून दाखव" म्हणून हट्ट धरला आणि माझा चमचा वाकला, तेव्हा विचार करून विचारा.

धागालेखिका: मंडळी, कालच पार पडलं, रिपोर्ट द्यायलाच हवा. ३८ मिनिटं! गोल साखळी झकास चालली, एकदाच आरशापाशी दोन टीम समोरासमोर आल्या, कारण ममीवाली टीम हसून हसून उठायलाच तयार नव्हती. नवऱ्याला भूत टांगायची बंदी होती, त्याला ममीचे रोल गोळा करायच्या कामाला लावला.

चित्र लावताना मात्र एक तुकडा कमी. सतरा लागले, अठरावा गायब, नेमका लाल खिडकीचा. सगळे पलंगाखाली, गाद्यांखाली, माझ्या तर पोटात गोळा आला की मी घालायलाच विसरले की काय. शेवटी धाकटीने हळूच आपल्या चेटकिणीच्या टोपीतून काढून दिला. खिडकी आवडली म्हणून ठेवून घेतली होती म्हणे.

लाल अक्षरं सुपरहिट. फक्त आता एक नवी मदत हवी आहे, हळदीचा बोळा कोणीतरी उशीवर ठेवला होता, मी घाईघाईने अभ्र्याला साबण लावला तर डाग पिवळ्याचा लाल झाला!

प्रतिसाद: साबणही अल्कलीच हो ताई! धुवून कडक उन्हात वाळत घाला, हळद उन्हाने उडते.