विषय: नात बोलत नाही, टॅबलेटवर शिकवतायत, आम्ही काय करायचं?

नमस्कार मंडळी,
एरवी मी नुसता वाचतो, आज लिहितोय. नात चार वर्षांची आहे, ऑटिझम आहे, शब्द एकही नाही. मुलगा-सून कामावर, त्यामुळे दुपारनंतर ती आमच्याकडेच. स्पीच थेरपिस्टने टॅबलेटवर चित्रांचं अ‍ॅप दिलंय, चित्र दाबलं की शब्द ऐकू येतो. याची सवय लागली तर तोंडाने बोलायचं राहूनच जाईल का? आणि अ‍ॅप इंग्लिशमध्ये, आम्हा दोघांचं सगळं मराठीत, मग आम्ही गप्प बसायचं का? कोणाला अनुभव असेल तर सांगा.
– एक आजोबा

---

आजोबा, ग्रुपवरच लिहिते, आणखी कोणाच्या घरी असेल तर वाचतील.

माझा नातू आता मोठा झालाय, तोंडाने अजून दोनचार आवाजच, पण टॅबलेटवर भांडतोसुद्धा. बोलणं राहून जाईल ही धास्ती आमच्याकडेही होती. 2006 मध्ये यावरच्या जुन्या अभ्यासांचा आढावा छापून आला होता, त्यात पक्का पुरावा असलेल्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, उलट बहुतेकांचं थोडं वाढलं. थोडंच हं.

तुमचं काम एवढंच की टॅबलेटवर आधी तुम्ही बोलायचं. झोका थांबला की 'मोअर' दाबायचं, तोंडाने 'आणखी झोका?' म्हणायचं आणि मग गप्प, मनात दहापर्यंत मोजायचं. हे भयंकर जड जातं, आपण तीनवरच 'सांग ना, सांग ना' सुरू करतो. तिने नाही दाबलं तरी झोका द्यायचाच. आणि 'हा रंग कुठला, हे काय, दाखव बघू' हे बंद करा, दिवसभर कोणी आपली तोंडी परीक्षा घेत बसलं तर आपणसुद्धा तोंड उघडणार नाही.

आमच्याकडे सगळ्यात आधी आलं ते 'नको'. मोजे घ्यायला गेले की नको, केस विंचरायला नको, सगळंच नको. सून वैतागली, पण थेरपिस्ट म्हणाली जमेल तिथे ऐका त्याचं. मी मोजे बाजूला ठेवले तर हा माझ्या तोंडाकडे बघतच राहिला, मग परत 'नको' दाबलं, मोजे तर माझ्या हातातही नव्हते! मी म्हटलं, बरं, नको. हळूहळू त्याचं चावणं कमी झालं ते त्यानंतरच. अंघोळीला अर्थात सुटका नाही, तिथे 'नको म्हणालास, कळलं मला, तरी करायचीय' असं सांगायचं, ऐकलंच नाही असं दाखवायचं नाही.

मराठीतच बोला बिनधास्त. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेली मुलं मागे पडतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आयआयटी मुंबईने केलेल्या जेलो अ‍ॅपमध्ये मराठी आहे आणि ते फुकट आहे, पण थेरपिस्टला विचारल्याशिवाय अ‍ॅप बदलू नका आणि चित्रांच्या जागाही हलवू नका, बोटाला जागा पाठ होते. आणि कितीही रागावलात तरी तो टॅबलेट काढून घ्यायचा नाही, कार्टूनसाठी हवा तर वेगळा.
– आजी

---

मी स्पीच थेरपिस्ट आहे, आजींशी सहमत, फक्त एक भर. तिचं बोट धरून बटणं दाबून घेऊ नका. हात किंवा कोपर धरून मुलाकडून 'टाइप' करून घेणारे लोक भेटतात आणि अख्खी वाक्यं दाखवतात, त्यात शब्द धरणाऱ्याचेच असतात, अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने 2018 मध्ये याच्या विरोधात स्पष्ट भूमिका घेतलीय. आणि श्रवण तपासणी झालीय ना?

---

तपासणी झालीय, ऐकू नीट येतं. आजी, फार आभार, दहापर्यंत मोजायला आजपासून सुरुवात, आमच्या हिला जास्त अवघड जाणार आहे. एकच विचारायचं राहिलं, लोक तिच्यासमोरच 'अजून बोलत नाही का?' विचारतात, तुम्ही काय सांगता?

---

मी टॅबलेट पुढे करते आणि म्हणते, त्यालाच विचारा. बहुतेक जण लगेच विषय बदलतात. जे खरंच विचारतात त्यांना मी मोजायला शिकवते.