वेबसाइटवरचा व्हिडिओ कुठे नुसता काळा, कुठे गोल गोल फिरतो, आयफोनवर तर सुरूच होत नाही

ठाणेकर_ठेका:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. नौपाड्यात आमच्या सरांचा तबल्याचा क्लास आहे, मी नऊ वर्षं तिथे शिकतोय आणि क्लासची वेबसाइट मीच बनवलीय. सर दर आठवड्याला एखादा कायदा नाहीतर रेला (तबल्याच्या रचना) सावकाश वाजवून दाखवतात, तो मी आयफोनवर शूट करतो आणि लॉगिनच्या मागे टाकतो, म्हणजे कळवा, ऐरोली, घोडबंदरकडची पोरं घरी बसून बोटं बघत रियाज करतात.

प्रॉब्लेम असा की माझ्या लॅपटॉपवर लोणी, बाकी सगळीकडे गोंधळ. एकाच्या ऑफिसच्या जुन्या पीसीवर आवाज येतो पण चित्र काळं. अँड्रॉइडवाल्यांना काही मिनिटं गोल फिरत बसतं मग कुठे सुरू होतं. आयफोनवर प्लेच्या बटणावर आडवी रेघ येते, बास. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिरकिट या बोलाचा तुकडा तिसऱ्या मिनिटाला आहे म्हणून पोरगा तिथे ओढतो तर व्हिडिओ परत पहिल्यापासून. फाईल .mov होती ती मी .एमपी४ केली नाव बदलून, तरी तेच. होमपेजवर सरांचं सोलो आपोआप वाजावं म्हणून ऑटोप्ले लावलंय तेही वाजत नाही. सहा मिनिटांची क्लिप साधारण ३६० एमबी आहे. सर विचारतात झालं का रे, आणि मला उत्तर देता येत नाही, लाज वाटते हो.

पाचपाखाडीकर:
एवढा त्रास कशाला, यूट्यूबवर अनलिस्टेड (म्हणजे फक्त लिंकवरून दिसेल असा) टाका आणि तुमच्या पानात एम्बेड करा. एकाच व्हिडिओच्या लहानमोठ्या क्वालिटीच्या कॉप्या ते स्वतः बनवतात, नेट बघून पाठवतात, ब्राउझरची कटकट तुमच्याकडे राहतच नाही. माझ्या बायकोच्या रांगोळी क्लासचं असंच केलंय, मस्त चालतं.

ठाणेकर_ठेका:
सुचवलंत त्याबद्दल आभार, पण अनलिस्टेडची लिंक ज्याच्या हाती पडेल तो बघू शकतो, आणि यातल्या काही बंदिशी सरांना त्यांच्या गुरुजींनी समोर बसवून दिलेल्या आहेत, त्या फक्त शिकणाऱ्यांपुरत्याच राहाव्यात असं सरांचं म्हणणं आहे. ते मला मोडायचं नाही.

सीवूड्स_बॅकएंड:
दादा, तुमचं म्हणणं पटतं, आणि हे स्वतःच्या साइटवर नीट होतं. फक्त ब्राउझरला दोष देणं आधी थांबवा, ब्राउझर बिचारा जे हातात पडलं तेच वाजवतो. तुमच्याकडे दोष दोन आहेत, एक फाईलमध्ये आणि एक सर्व्हरवर, आणि ते एकमेकांत गुंतल्यामुळे प्रत्येकाला वेगळंच काहीतरी दिसतंय.

आधी फाईल. एमपी४ हा नुसता डबा आहे, आत भाजी कुठली ते डब्यावरून कळत नाही. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन चित्र एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ या दाबून बसवायच्या पद्धतीत (कोडेकमध्ये) भरतो. जागा कमी लागते हे खरं, पण जुन्या पीसीला ते उलगडता येत नाही, क्रोमनेसुद्धा ते २०२२ मध्ये घेतलं आणि तेही मशीनच्या हार्डवेअरची साथ असेल तरच. म्हणून आवाज येतो, कारण आवाज एएसी या साध्या कोडेकमध्ये आहे, आणि चित्र काळं. नाव बदलून काही होत नाही, भाजी तीच राहते. चित्र एच.२६४ या जुन्या कोडेकमध्ये आणि आवाज एएसीत असं करून घ्या, ते सगळीकडे चालतं. वेबएम या दुसऱ्या डब्याच्या मागे लागू नका, जुन्या आयफोनवर ते वाजत नाही.

आता एक विचारते. लॉगिन तपासून व्हिडिओ कसा देता? पीएचपीची स्क्रिप्ट (सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्राम) आहे का, शेवटी रीडफाइल करून अख्खी फाईल ओतणारी?

ठाणेकर_ठेका:
हो हो अगदी तशीच! सात-आठ ओळींची आहे. लॅपटॉपवर लोकलहोस्टला, म्हणजे त्याच मशीनवरच्या सर्व्हरवर, चालली म्हणून तशीच चढवली.

सीवूड्स_बॅकएंड:
मग सापडलं. ब्राउझर अख्खी फाईल मागतच नाही, तो तुकडा मागतो, याला रेंज रिक्वेस्ट म्हणतात. आयफोनची सफारी तर आधी फक्त ० ते १, म्हणजे पहिले दोन बाइट मागून सर्व्हरची परीक्षा घेते. सर्व्हरने २०६ (हा घे तुकडा) असा कोड देऊन तेवढेच द्यायचे असतात, तुमची स्क्रिप्ट २०० (ही घे अख्खी फाईल) म्हणून सगळे ३६० एमबी अंगावर टाकते, सफारी म्हणते मला नको आणि बटणावर रेघ मारते. क्रोम चालवून घेतो, पण पुढे ओढलं की तिथला तुकडा मागता येत नाही म्हणून परत शून्यावर.

आणि ते गोल फिरणं बघा. कुठला फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका एमपी४ मध्ये असते, तिला मूव्ह म्हणतात, आणि फोन ती सगळ्यात शेवटी लिहितो कारण रेकॉर्डिंग संपल्याशिवाय त्याला पानंच माहीत नसतात. नीट सर्व्हर असेल तर ब्राउझर उडी मारून शेवट वाचून येतो, तुमच्याकडे उडीच नाही, म्हणजे पोराला पहिला धा ऐकायला अख्खी फाईल उतरवावी लागते. लॅपटॉपवर हे दिसलं नाही कारण तिथे फाईल डिस्कवरच होती.

लॉगिनची तपासणी तशीच ठेवा, फक्त फाईल हातात देण्याचं काम वेबसर्व्हरवर सोपवा, वेबसर्व्हर अपाची असेल तर एक्स-सेंडफाइल, एनजिनएक्स असेल तर एक्स-अ‍ॅक्सेल-रीडायरेक्ट. साध्या शेअर्ड होस्टिंगवर ते बहुतेक मिळणार नाही, मग स्क्रिप्टमध्येच रेंज हेडर (कुठला तुकडा हवा ते सांगणारी ओळ) वाचून तेवढाच तुकडा पाठवा, सोबत २०६ आणि उत्तराच्या हेडरमध्ये कंटेंट-रेंज आणि अ‍ॅक्सेप्ट-रेंजेस, आणि टाइप व्हिडिओ/एमपी४. अर्ध्या दिवसाचं काम आहे, अडलात तर स्क्रिप्ट इथे टाका, बघते.

क्लिपकापू_वाशी:
मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, फाईलपुरतं सांगतो. हँडब्रेक हे व्हिडिओ बदलून देणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फास्ट ७२०पी३० ही तयार सेटिंग निवडा आणि वेब ऑप्टिमाइज्डवर टिक करा, त्याने ताईंनी सांगितलेली अनुक्रमणिका पुढे येते. तबल्यासाठी एक गोष्ट विसरू नका, फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) कॉन्स्टंट म्हणजे एकसारखा करा. फोन शूट करताना फ्रेम कमीजास्त करत राहतो, त्यामुळे पुढे कधीकधी आवाज आणि चित्र फाटतं. लग्नात भटजींचे ओठ थोडे मागे पडले तर चालतं, पण तुमच्याकडे बोट पुडीवर (तबल्याच्या कातड्यावर) पडलंय आणि ना हा बोल आधीच वाजून गेलाय असं झालं तर पोरगं चुकीचंच शिकेल ना. आवाज १६० केबीपीएसच्या खाली नेऊ नका, डग्ग्याची घुमक जाते. आणि फोनमध्ये एचडीआर व्हिडिओ बंद करा, नाहीतर काही स्क्रीनवर रंग फिके पडतात.

ऑटोप्लेचं म्हणाल तर ते विसरा. एप्रिल २०१८ पासून क्रोम आवाजासकट आपोआप वाजू देत नाही, बाकीच्यांचंही तेच. म्यूट केलं आणि प्लेज-इनलाइन (पानातच वाजव) लावलं तर चालतं, पण मुका तबला दाखवून काय करणार? सरांचा एक छान फोटो पोस्टर म्हणून लावा, वर प्लेचं बटण. ज्याला ऐकायचंय तो दाबेल आणि मन लावून ऐकेल.

ठाणेकर_ठेका:
मंडळी, रविवार अख्खा यातच गेला पण झालं! एका फाईलवर करून बघितलं, ३६० ची ७० एमबी झाली, रेंजचा कोड ताईंनी सांगितला तसाच लिहिला. ऑफिसच्या पीसीवर चित्र आलं. संध्याकाळी क्लासमध्ये सरांच्या बहिणीच्या आयफोनवर लावला, लगेच सुरू, आणि सरांनी स्वतः बोटाने तिसऱ्या मिनिटावर ओढून तिरकिट तीनदा बघितलं आणि म्हणाले अनामिका (करंगळीशेजारचं बोट) जरा वर उचलली गेलीय, हा परत शूट करू. मला इतका आनंद झाला काय सांगू. फक्त ऐरोलीच्या एकाला अजून आवाज किंचित मागे वाटतोय, बाकी कुणाला नाही.

क्लिपकापू_वाशी:
ब्लूटूथचे इअरफोन लावलेत का ते विचारा, त्यात आवाज थोडा उशिरा पोचतो. वायरचे लावून बघू दे.

ठाणेकर_ठेका:
बरोबर, ब्लूटूथच होते, वायर लावली आणि जुळलं. क्लासच्या सगळ्यांना सांगून ठेवतो. अजून ४० क्लिपा बाकी आहेत, एकेक करत बसू का?

सीवूड्स_बॅकएंड:
नाही, हँडब्रेकमध्ये क्यू म्हणजे रांग लावायची सोय आहे, सगळ्या त्यात टाका आणि रात्री लावून झोपा. मूळ फाईली मात्र पुसू नका, एका हार्ड डिस्कवर वेगळ्या ठेवा.