सीडी-डीव्हीडी पण चालेल आणि नेटवरचे पिक्चर पण दिसतील असा स्वस्तातला प्लेअर कोणता घ्यावा?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी, आई-बाबांसाठी विचारतेय. ते नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतात, मी नोकरीमुळे पुण्यात, त्यामुळे जे काय घ्यायचं ते एकदाच नीट बघून घ्यायचंय, नंतर फोनवरून हे बटण दाबा ते बटण दाबा करत बसलं की बाबांना फार त्रास होतो. बाबांकडे दोन मोठी खोकी भरून डिस्क आहेत. बहुतेक मराठी नाटकं, जुने मराठी-हिंदी पिक्चर, थोडी कीर्तनं आणि आमच्या घरातल्या लग्नाच्या, मुंजीच्या सीडी. यातली बरीच नाटकं मी ओटीटीवर शोधली, यूट्यूबवर शोधली, काही मिळाली काही नाहीच, आणि जी मिळाली त्यात ऐन रंगात आलेल्या प्रवेशात जाहिरात घुसते, बाबा लगेच टीव्ही बंद करून उठतात. नाटक सलग बघायचं असतं त्यांना आणि मला त्यांचं अगदी पटतं.

जुना डीव्हीडी प्लेअर आता कुठलीही डिस्क टाकली तरी थोडा वेळ घरघर करतो आणि नो डिस्क दाखवतो. आईला दुसरीकडे नवीन मराठी पिक्चर आणि सिरीयल मोबाईलवर बघायच्या नाहीयेत, डोळे दुखतात, टीव्हीवर पाहिजेत. टीव्ही ३२ इंची एलसीडी आहे, स्मार्ट नाही, मागे दोन एचडीएमआय आहेत (एकात सेट टॉप बॉक्स) आणि ती पिवळी-लाल-पांढरी भोकं आहेत. घरात फायबरचं ५० एमबीपीएसचं वायफाय आहे. बजेट ८ ते १० हजार. एकाच डब्यात डिस्क आणि नेट दोन्ही होईल असं काही मिळतं का? अमेरिकेतला मामेभाऊ दिवाळीत येणार आहे, तो म्हणतो तिकडून वायफायवाला ब्लू-रे प्लेअर आणतो, स्वस्त पडेल. आणू देऊ का?

देवळाली_कॅम्प
एकाच डब्यात दोन्ही मिळतं, त्यालाच वायफायवाला ब्लू-रे प्लेअर म्हणतात, ब्लू-रे म्हणजे डीव्हीडीच्या पुढची, जास्त मावणारी डिस्क. सोनीचा बीडीपी-एस३७०० हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं मॉडेल, आत वायफाय आहे, नेटफ्लिक्स-यूट्यूबसारखी अ‍ॅप्स आहेत, ब्लू-रे, डीव्हीडी, ऑडिओ सीडी सगळं वाजवतो. त्याचाच धाकटा एस१५०० दिसायला तसाच आहे पण त्यात वायफाय नाही, नेटसाठी राउटरपासून लॅनची वायर ओढावी लागते, दुकानदार दोन्ही सारखेच म्हणून सांगेल तर फसू नका.

मी स्वतः डिस्कचा माणूस आहे आणि ब्लू-रेची बाजू मनापासून घेणार. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस स्पीड पुरेसा आहे असं सांगतं, आणि ब्लू-रे डिस्कवर नुसत्या चित्राला ४० एमबीपीएसपर्यंत जागा असते. अंधारातला सीन, पाऊस, धूर असलं काही आलं की फरक डोळ्याला कळतो, काळ्या रंगात चौकोन चौकोन दिसत नाहीत. डीव्हीडीत ४.७ किंवा ८.५ जीबी मावतात आणि ब्लू-रेत २५ किंवा ५०.

पण ताई, अमेरिकेतून अजिबात आणू देऊ नका. एक तर तिकडे वीज १२० व्होल्टची, बरेच प्लेअर तेवढ्यावरच चालणारे असतात, आपल्या २३० ला थेट लावला तर संपला. दुसरं म्हणजे रीजन, म्हणजे जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर डिस्क चालेल याचं कुलूप. डीव्हीडीला अमेरिका रीजन १ आणि भारत रीजन ५, ब्लू-रेला अमेरिका ए आणि भारत सी. तुमच्याकडच्या ज्या डिस्कवर सगळे रीजन किंवा शून्य लिहिलंय त्या चालतील, बाकीच्या नाकारेल. आणि तिसरं, आपल्याकडच्या बऱ्याच डीव्हीडी पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीच्या असतात, तिकडचे बरेच प्लेअर फक्त तिकडची एनटीएससी पद्धत घेतात, म्हणजे रीजन जुळला तरी चित्र येईलच असं नाही. फोरके ब्लू-रेच्या डिस्कला तेवढा रीजन नसतो, पण तुमच्या खोक्यात त्या नसणार.

सातपूरकर
वरच्या दादांनी अमेरिकेचं जे सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, ते आधी भावाला कळवून टाका. पण ब्लू-रे प्लेअर घ्या हे मला या घरासाठी पटत नाही, कारण सांगतो.

डिस्क वाजवणारं यंत्र नीट वापरलं तर दहा दहा वर्षं चालतं. त्यातली नेटची अ‍ॅप्स तेवढी टिकत नाहीत. अ‍ॅप चालवायला कंपनीला दर वर्षी अपडेट द्यावं लागतं, आणि ब्लू-रे प्लेअरच्या धंद्यातून कंपन्या एकेक करून बाहेर पडल्यात, ओप्पो २०१८ ला, सॅमसंग २०१९ ला, एलजी २०२४ ला. अपडेट थांबलं की आधी अ‍ॅप हळू होतं, मग एक दिवस चालत नाही असा मेसेज येतो आणि डबा नुसता डिस्क प्लेअर उरतो. सोनीने तर एक्स७०० या फोरके ब्लू-रे प्लेअरची नवी आवृत्ती काढली त्यातून नेटचा भागच काढून टाकलाय, यावरूनच समजा वारं कुठल्या दिशेला आहे.

दुसरं, ब्लू-रे प्लेअरमध्ये प्ले स्टोअर नसतो. कंपनीने जी अ‍ॅप्स आत घालून दिली तेवढीच. काकूंना मराठी पिक्चर आणि सिरीयल बघायच्यात म्हणजे झी५, प्राइम, जिओहॉटस्टार, सोनी लिव्ह असलं लागणार, आणि नेमकी तीच तिथे मिळतील याचा भरवसा धरून पैसे घालू नका.

तर माझं म्हणणं दोन वेगळ्या वस्तू घ्या. डिस्कसाठी साधा डीव्हीडी प्लेअर, साधारण दोन-तीन हजारात येतो, तो पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने एव्हीला. आणि नेटसाठी फायर टीव्ही स्टिक किंवा गुगल टीव्हीवाली चांगल्या कंपनीची स्टिक, ती रिकाम्या एचडीएमआयला. दोन्ही मिळून तुमच्या बजेटात आरामात बसतं, आणि उद्या स्टिक जुनी झाली तर फक्त स्टिक बदलायची, बाबांच्या प्लेअरला हातही लावायला नको.

स्टिक लावताना एक काम नक्की करा, तिची वायर टीव्हीच्या यूएसबीत न लावता सोबत आलेल्या अ‍ॅडॅप्टरने भिंतीच्या प्लगमध्ये लावा. टीव्हीच्या यूएसबीतून करंट कमी मिळतो, मग स्टिक मधेच बंद होऊन परत चालू होते आणि लोक वायफायला दोष देत बसतात.

बाजारात बिननावाचे स्वस्त अँड्रॉइड बॉक्स पण दिसतील, ६के ८के काय वाट्टेल ते खोक्यावर छापलेलं असतं. ते घेऊ नका. नेटफ्लिक्स-प्राइमवाले वाइडवाइन नावाचं कुलूप वापरतात, त्याची वरची पातळी एल१ या बॉक्सना मिळालेली नसते, एल३ वर चालतात, मग कितीही स्पीड असला तरी चित्र साध्या दर्जाचंच येतं. शिवाय आत काय घालून दिलंय ते कळत नाही आणि आपण त्यात पासवर्ड टाकणार.

कॉलेजरोड_गेमर
जुना पीएस४ (सोनीचा गेमचा डबा) बघा ना, सेकंड हँड मिळतो, ब्लू-रे, डीव्हीडी दोन्ही चालतं, नेटफ्लिक्स प्राइम यूट्यूब आहे.

सातपूरकर
पीएस४ वर ऑडिओ सीडी चालत नाही आणि व्हीसीडी (साध्या सीडीवर भरलेला पिक्चर) पण नाही भावा. आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या हातात गेमचा कंट्रोलर द्यायचा म्हणजे अवघड काम. शिवाय बजेटच्या बाहेर.

रविवार_कारंजा
मी बरीच वर्षं टीव्ही, टेप, डीव्हीडी दुरुस्तीचंच काम केलंय म्हणून लिहितो. सगळे ब्लू-रे की डीव्हीडी यावर बोलताय, पण ताई म्हणतात खोक्यात नाटकं आणि जुने मराठी पिक्चर आहेत. ती डीव्हीडी आहेत की व्हीसीडी? हे आधी बघा, बाकी सगळं त्यावर ठरतं. २००० नंतर आपल्याकडे घराघरात जी नाटकं आली ती मोठ्या संख्येने व्हीसीडीवर. मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २८ रुपयाला व्हीसीडी आणि ३४ ला डीव्हीडी काढली तेव्हा तर लोक किराण्याबरोबर पिक्चर घरी न्यायचे.

ओळखायचं कसं, तर एक नाटक दोन किंवा तीन डिस्कमध्ये असेल, भाग १ भाग २ लिहिलेलं असेल, तर ती व्हीसीडी. एका व्हीसीडीवर सव्वा तासाच्या आसपासच मावतं. नाटक अख्खं एकाच डिस्कवर असेल तर डीव्हीडी. खालची बाजू उजेडात धरा, जरा सोनेरी झाक असेल तर दोन थरांची डीव्हीडी, जांभळट-निळसर असेल तर घरी किंवा स्टुडिओत राइट केलेली डीव्हीडी, तुमच्या लग्न-मुंजीच्या बहुतेक तशा निघतील.

आता हे का महत्त्वाचं तर साधा डीव्हीडी प्लेअर व्हीसीडी निमूट वाजवतो, ब्लू-रे प्लेअर वाजवेलच असं धरून चालू नका. आणि व्हीसीडीचं चित्र मुळात ३५२ बाय २८८ चं, डीव्हीडीचं ७२० बाय ५७६ चं, त्यामुळे महागडा प्लेअर लावून व्हीसीडी काही सुधारत नाही. ३२ इंचीवर ठीक दिसेल, टीव्ही बदलायचा विचार असेल तर ४३ वर चेहरे फुटलेले दिसतील. बाबांना नाटकाचे संवाद नीट ऐकू येणं जास्त महत्त्वाचं, ते येतील.

जुना प्लेअर टाकून देऊ नका लगेच. घरघर करून नो डिस्क म्हणजे बहुतेक वेळा लेन्सवर धूळ बसलेली असते नाहीतर लेसर थकलेला असतो. आधी झाकण उघडून लेन्स मऊ कापसाने, जरासं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, अगदी हलक्या हाताने पुसायची, बाजारात मिळते ती ब्रशवाली क्लीनिंग सीडी नको, तिने लेन्स ओरखडते. एक लक्षात घ्या, डीव्हीडीसाठी एक लेसर आणि सीडी-व्हीसीडीसाठी वेगळा असतो, लाल ६५० नॅनोमीटरचा डीव्हीडीला आणि ७८० चा सीडीला. म्हणून कधी कधी डीव्हीडी चालते आणि व्हीसीडी चालत नाही असं होतं. दोन्ही टाकून बघितलंय का?

गोदाकाठची
काका, खूप खूप आभार, हे कुणीच सांगितलं नव्हतं. आत्ता आईला व्हिडिओ कॉलवर खोकी उघडायला लावली. नाटकं जवळजवळ सगळी व्हीसीडी, दोन-दोन तीन-तीन डिस्कवाली. पिक्चर निम्मे डीव्हीडी. लग्नाच्या सगळ्या जांभळ्या. ब्लू-रे एकही नाही. जुन्या प्लेअरमध्ये दोन्ही टाकून बघितलं, दोन्ही नो डिस्क. भावाला आणू नको म्हणून सांगितलं. लग्नाच्या डिस्कमधली एक मधेच अडकायची आधीपण, तिचं काय करू? आणि नाशिकमध्ये डीव्हीडी प्लेअर आता मिळतो कुठे, मोठ्या शोरूममध्ये फोन केला तर नाही म्हणाले.

देवळाली_कॅम्प
ब्लू-रे एकही नसेल आणि नाटकं व्हीसीडी असतील तर माझा सल्ला मागे, सातपूरकर म्हणतात तसंच करा. वाईट एवढंच वाटतं की आपल्या नाटकांना चांगली छपाई कधी मिळालीच नाही, इतकी मोठी माणसं रंगमंचावर उभी राहिली आणि घरी बघायला आपल्याकडे ३५२ बाय २८८.

सातपूरकर
मोठ्या शोरूममध्ये नाही मिळणार, ते आता ठेवत नाहीत. एमजी रोडला आणि मेन रोडच्या बाजूला छोट्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे विचारायचं, नसला तर मागवून देतात. नाहीच जमलं तर मुंबईला लॅमिंग्टन रोड, सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड, संध्याकाळच्या पंचवटीने परत. ऑनलाइन पण मिळतो पण मी म्हणेन दुकानातूनच घ्या, बाबांना बरोबर न्या आणि त्यांच्याच डिस्क घेऊन जा.

रविवार_कारंजा
बरोबर, आणि दुकानात नुसतं चालू झालं म्हणून पैसे देऊ नका. डिस्क आतून बाहेरच्या कडेकडे वाचली जाते, त्यामुळे सुरुवात सगळे प्लेअर वाचतात, लेन्स कच्ची असेल तर शेवटी शेवटी अडकतं. एक व्हीसीडी घ्या आणि शेवटच्या पाच मिनिटांवर न्या. एक सोनेरी झाकवाली डीव्हीडी घ्या आणि मधल्या भागात चालवा, तिथे थर बदलतो, तिथे थोडा थांबेल ते चालतं पण गोठून राहिला तर नको. एक जांभळी पण टाका. आणि रिमोटवर बटणं मोठी आहेत का ते बाबांनाच बघू द्या.

लग्नाच्या डिस्कचं मात्र प्लेअर येईपर्यंत थांबू नका. राइट केलेल्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो, ऊन-उष्णतेने तो वर्षागणिक खराब होतो, छापून आलेल्या पिक्चरच्या डिस्कला तसं होत नाही. कुणाच्या तरी लॅपटॉपला यूएसबीवाला डीव्हीडी ड्राइव्ह लावा, घरच्या डिस्कला कुलूप नसतं त्यामुळे व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर जसंच्या तसं कॉपी होतं. व्हीसीडी असेल तर एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल. मग हँडब्रेक हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरून एमपी४ करायची, बहुतेक टीव्ही तीच फाइल पेनड्राइव्हवरून वाजवतात. जी अडकते ती आधी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही, आणि सगळ्यात हळू स्पीडवर कॉपी करून बघा, एका ड्राइव्हने नाही वाचली तर दुसऱ्याने वाचते कधी कधी. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक हार्ड डिस्कवर, एक तुमच्याकडे पुण्याला.

गोदाकाठची
शनिवारी येतेय नाशिकला, ड्राइव्ह ऑफिसमधल्या मैत्रिणीकडून घेऊन येते आणि बाबांना घेऊन एमजी रोडला जाते. एकच शंका, एव्हीला प्लेअर आणि एचडीएमआयला स्टिक म्हणजे बाबांना प्रत्येक वेळी टीव्हीच्या रिमोटवर सोर्स बदलावा लागेल ना?

सातपूरकर
प्लेअरसाठी हो, सोर्स बटण दाबून एव्ही निवडायचं, तेवढं एक शिकवा, त्या बटणावर लाल टिकली चिकटवून द्या. स्टिकसाठी टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी चालू करा, सॅमसंगला त्याचं नाव एनीनेट प्लस, एलजीला सिमप्लिंक, सोनीला ब्राव्हिया सिंक. ते चालू असलं की काकूंनी स्टिकच्या रिमोटचं होम दाबलं की टीव्ही आपोआप तिकडे जातो.