मदत हवी आहे: ग्रुप पॉलिसी रिफ्रेश होतच नाहीये

कीबोर्डतोड्या: दहा मिनिटांनी स्क्रीन लॉक व्हावी म्हणून ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून ऑफिसच्या सगळ्या विंडोज मशीनना एकदम लागणारी सेटिंग्ज) केली. सकाळपासून चाळीस मशीनवर फिरून जीपीअपडेट फोर्स (पॉलिसी लगेच ओढून घ्यायची कमांड) मारतोय. "कम्प्लीटेड सक्सेसफुली" म्हणतं, पण लॉक काही होत नाही. लवकर सांगा, साहेब डोक्यावर बसलेत.

जुनीवायर: धीर धरा. रिफ्रेश दर ९० मिनिटांनी आपोआप होतो, वर ३० मिनिटांपर्यंत उशीर.

बंदचालू: अहो, फोर्स मारल्यावर ९० मिनिटांचं काय घेऊन बसलात? सरळ रीस्टार्ट करा.

जुनीवायर: रीस्टार्ट सॉफ्टवेअर इन्स्टॉलला लागतो. स्क्रीनसेव्हरच्या लॉकला कशाला?

निशाचर: पॉलिसी कुठल्या ओयूला (डोमेनमधला खाती आणि मशीन ठेवायचा गट) जोडलीय? सेटिंग यूझरच्या बाजूला (माणसाच्या खात्याला लागणारी) की कॉम्प्युटरच्या (मशीनला लागणारी)? कुठल्या पॉलिसी लागल्या ते दाखवणारा जीपीरिझल्ट काय म्हणतो?

कीबोर्डतोड्या: जोडलीय बरोबरच. माझ्या लॉगिनवर चालते की! बाकीच्यांच्या जीपीरिझल्टमध्ये नावच नाही.

पिंगपांडू: डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बघा. मशीन डोमेन कंट्रोलरऐवजी (लॉगिन आणि पॉलिसी सांभाळणारा सर्व्हर) राउटरला पत्ते विचारत असणार. नेहमी तेच असतं.

निशाचर: मग अपडेट सक्सेसफुल झालंच नसतं. जीपीरिझल्ट अ‍ॅडमिन म्हणून चालवा, नाहीतर कॉम्प्युटरचा भाग दिसत नाही.

नवखा७: याच पद्धतीने प्रिंटर जोडता येतो का? आमचा रोज गायब होतो.

कीबोर्डतोड्या: दिसली! कॉम्प्युटर सेटिंग्जमध्ये, फिल्टर केलेल्यांत: "नॉट अप्लाइड, एम्प्टी". एम्प्टी कशी? मी स्वतः भरलीय.

निशाचर: यूझरच्या बाजूला भरलीत. ओयूत नुसती मशीन असतील, तर मशीन आपलीच बाजू वाचणार, आणि ती कोरी. तुमचं खातं त्याच ओयूत आहे ना?

कीबोर्डतोड्या: हो... टेस्टिंगसाठी टाकलं होतं. सांगायचं राहिलं.

पिंगपांडू: हे आधी सांगायचं ना राव!

जुनीवायर: लूपबॅक लावा, म्हणजे मशीनच्या ओयूवरची यूझर सेटिंगं तिथे लॉगिन करणाऱ्याला लागतील, झालं.

निशाचर: एका लॉकसाठी लूपबॅक नको. उद्या त्या ओयूवरच्या बाकी पॉलिसींची यूझर सेटिंगंही लोकांना लागू होतील आणि कुठून आली ते कळणार नाही. एक तर पॉलिसी लोकांची खाती असलेल्या ओयूला जोडा, नाहीतर कॉम्प्युटरच्या बाजूला सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये "मशीन इनअ‍ॅक्टिव्हिटी लिमिट" आहे. सेकंदांत असतं, ६०० टाका. याला मात्र रीस्टार्ट लागतो.

बंदचालू: मी पहिल्यांदा काय म्हटलं होतं?

कीबोर्डतोड्या: एका मशीनवर झालं! उरलेली ३९ रीस्टार्ट करतोय. लोक शिव्या घालतायत.

नवखा७: प्रिंटरचं कोणी सांगेल का?