हॉलमधील सबवूफर आणि सोफ्याची जागा

बी-३०४ : नमस्कार मंडळी. कूलरचा झोत मिळावा म्हणून आम्ही सोफा हॉलच्या मागच्या भिंतीला लावला. तेव्हापासून खर्जाचे काही सूर फार घुमतात, पण तेच सूर हॉलच्या मध्यावर खुर्ची टाकून बसल्यास जवळजवळ ऐकूच येत नाहीत. सबवूफर (खर्जाचे सूर वाजवणारा स्पीकर) बिघडला असेल, की भिंतींना फोम लावावा?

ए-१०२ : तापमानामुळे ध्वनीचा वेग वाढतो, त्याचा परिणाम असेल का?

सी-२०१ : काका, वेग वाढतो हे खरे, परंतु २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर आणि ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर, म्हणजे फरक जेमतेम साडेतीन टक्के. नागपूरच्या मे महिन्यावर एवढा एक आळ घेता येणार नाही. आपले हॉल सोळा फूट लांब आणि अकरा फूट रुंद आहेत. समोरासमोरच्या भिंतींमध्ये जिची अर्धी लांबी नेमकी मावते ती लहर तिथेच घुमत राहते. सोळा फुटांसाठी ती सेकंदाला सुमारे ३५ कंपनांची, म्हणजे ३५ हर्ट्‌झची असते आणि तिच्या जोडीला ७० हर्ट्‌झचीही उठते. भिंतीलगत दोन्हींचा दाब, म्हणजे कानाला जाणवणारा जोर, सर्वाधिक असतो, तर मध्यावर ३५ हर्ट्‌झचा दाब जवळपास शून्य होतो. तेव्हा भाऊ, सबवूफर ठणठणीत आहे. सोफा तेवढा भिंतीपासून चार ते सहा फूट पुढे घ्यावा. फोमवर खर्च करू नये, कारण ३५ हर्ट्‌झची लहर जवळजवळ ३२ फूट लांब असते आणि दोन इंची फोम तिला अडवूच शकत नाही.

बी-३०४ : सोफा पाच फूट पुढे घेता येईल. सबवूफर मात्र टीव्हीजवळच्या कोपऱ्यात आहे.

सी-२०१ : कोपऱ्यातून लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांचे घुमारे पुरेपूर उठतात. समोरच्या भिंतीच्या मध्यावर ठेवल्यास रुंदीचा ५१ हर्ट्‌झचा घुमारा फारसा उठणार नाही. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवून खर्जाचे संगीत लावावे, स्वतः भिंतीकडेने खाली वाकून फिरावे आणि जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सबवूफर मांडावा. पाहुणे नसताना करावे, इतकेच.

बी-२०४ : आम्ही बरोबर खालीच राहतो. हा प्रयोग कृपया दुपारी एक ते चार सोडून करावा.

बी-३०४ : ताई, रविवारी सायंकाळी पाचनंतर करतो.