मदत हवी आहे: खडी अल्कलीला प्रतिक्रिया देणारी निघाली, लिथियम नायट्रेट कुणी वापरलंय का?

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात पाझर तलावाच्या सांडव्याचं काँक्रीट करायचंय. जवळच्या खाणीतली खडी काळ्या बेसाल्टची, पण फोडली की आत पांढुरक्या गारगोटीच्या शिरा दिसतात. आयएस २३८६ (खडीच्या चाचण्यांचं भारतीय मानक) भाग ७ ची चाचणी करून घेतली, अहवालात खडी संशयास्पद आलीय, म्हणजे सिमेंटमधल्या अल्कलीशी (सोडियम-पोटॅशियमच्या क्षारांशी) ती प्रतिक्रिया करू शकते. सांडवा पाण्याशीच राहणार, म्हणजे या प्रतिक्रियेतून बनणारं जेल पाणी शोषून फुगून नकाशासारख्या भेगा पडायला लागणारं सगळं आहे. एकदा भेगा सुरू झाल्या की आतली प्रतिक्रिया थांबवता येत नाही, म्हणून आत्ताच विचारतोय.

आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे कमी अल्कलीचं सिमेंट (०.६ टक्क्यांपर्यंत) आणि किमान २० टक्के फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची बारीक राख), हा पहिला मार्ग. परळीची राख जवळ आहे, पण प्रत्येक गाडीचा दर्जा सारखा मिळेल याची मला खात्री वाटत नाही.

म्हणून लिथियम नायट्रेटचं ३० टक्के द्रावण मनात आहे; हे काँक्रीटमध्ये मिसळलं की जेलचं फुगणं रोखतं. नेहमीचा डोस सिमेंटमधल्या एक किलो अल्कलीला ४.६ लिटर. आमचं सिमेंट घनमीटरला ३५० किलो, अल्कली ०.८ टक्के, म्हणजे सुमारे १३ लिटर! खर्च मोठा आहे, आणि त्यातलं पाणी मिक्सच्या पाण्यातून वजा करावं लागेल.

प्रत्यक्ष वापरलेल्यांनी सांगा: सुपरप्लास्टिसायझरसोबत (कमी पाण्यात काँक्रीट पातळ ठेवणारं रसायन) सेटिंगला त्रास झाला का? फ्लाय ॲश असताना डोस कमी करून चाललं का? आणि छोट्या कामाला लागेल एवढा माल संभाजीनगरात किंवा लातूरला मिळतो का?