मदत हवी आहे: फिलॉस प्लेट (दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला लावायची लॉकिंग पट्टी), कॅल्करचा (हेडखालच्या आतल्या बाजूच्या हाडाचा) चुरा झालाय, व्हॅरस (हेड आत-खाली झुकणं) कसा रोखायचा?

धागाकर्ता (ऑर्थो, सोलापूर):
बाई ६८ वर्षांच्या. न्हाणीत घसरून उजव्या खांद्यावर पडल्या, आज पाचवा दिवस. नीअरच्या वर्गीकरणानुसार दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाचं तीन भागांचं फ्रॅक्चर. मोठा ट्यूबरकल (टेंडन चिकटतात तो बाहेरचा उंचवटा) १ सेंमीहून जास्त वर गेलाय, हेड (सांध्यातला गोळा) व्हॅरसमध्ये, हेड आणि शाफ्ट (हाडाचा दांडा) यांतला कोन १०५ अंशांच्या आसपास. सीटीत कॅल्करचा चुरा, आणि हेडला चिकटून राहिलेला आतल्या बाजूचा हाडाचा काटा जेमतेम ६ मिमी. डेल्टॉइडवरची (खांद्यावरच्या स्नायूवरची) संवेदना शाबूत. हाड ठिसूळ. सोमवारी प्लेट लावायचं ठरतंय. हेड परत झुकू नये आणि स्क्रू सांध्यात घुसू नयेत यासाठी काय काय सांभाळू? घरचे विचारतायत, भाकरी कधी थापता येईल?

प्रतिसाद १ (खांद्याचे सर्जन):
सर, आधी घरच्यांना एक सांगा. ब्रिटनमधल्या प्रोफेर चाचणीत (२०१५, २५० रुग्ण) ऑपरेशन आणि नुसती झोळी यांत दोन वर्षांनीही हाताच्या कामात ठळक फरक दिसला नव्हता. इथे ट्यूबरकल इतका वर आहे की हात उचलताना तो अ‍ॅक्रोमिऑनला (खांद्याच्या वरच्या हाडाला) अडेल, म्हणून मीही ऑपरेशनच करेन. पण हे त्यांच्या कानावर असलेलं बरं. काटा ८ मिमीपेक्षा लहान असला की हेडचा रक्तपुरवठा धोक्यात, हे सर्जन हर्टेल यांचं निरीक्षण. तरी ऑपरेशनच्या टेबलावर हेडमधून रक्त दिसलं नाही म्हणजे हेड पुढे मरतंच असं नाही. एवढ्यावरून ते काढू नका.

आता मुख्य गोष्ट. लॉकिंग स्क्रू हाड ओढून जागेवर आणत नाही, आहे तसं धरून ठेवतो. व्हॅरसमध्ये लॉक केलंत तर व्हॅरसच पक्का होईल. म्हणून हेड आधी उचला. सुप्रास्पिनॅटस, इन्फ्रास्पिनॅटस आणि सबस्कॅप्युलॅरिस या खांदा फिरवणाऱ्या स्नायूंमध्ये, टेंडन हाडाला जिथे चिकटतं तिथे, ५ नंबर एथिबॉन्ड (न विरघळणारा जाड दोरा) घ्या. टाका हाडातून नको. ठिसूळ हाडात दोरा लोण्यातून सुरी जावी तसा कापत जातो. दोरे खाली ओढून ट्यूबरकल आणा, हेडखाली एलिव्हेटर सरकवून कोन १३० पर्यंत न्या, २ मिमीच्या के-वायरने (तात्पुरत्या तारेने) धरा. वायर प्लेटच्या वाटेत येऊ देऊ नका.

प्लेट ट्यूबरकलच्या टोकापासून ५ ते ८ मिमी खाली, बायसिपिटल खाचेच्या (हाडावरच्या बायसेप्सच्या टेंडनच्या खाचेच्या) २ ते ४ मिमी मागे. वर गेली तर अ‍ॅक्रोमिऑनला घासते, फार खाली गेली तर कॅल्करचे स्क्रू हेडच्या तळाशी बसतच नाहीत. पहिला स्क्रू साधा कॉर्टिकल, शाफ्टच्या लांबट छिद्रात, म्हणजे प्लेट वर-खाली सरकवता येते.

धागाकर्ता:
ड्रिल किती खोल? आणि आतला आधार कशाने द्यायचा? बोन बँकेची फिब्युला (पायाचं बारीक हाड) मिळणार नाही.

प्रतिसाद १:
२.८ मिमीच्या ड्रिलने बाहेरचा कॉर्टेक्स (हाडाचं कडक कवच) पार करा, मग सुतारपक्ष्यासारखं: थोडं आत, मागे, थोडं आत. सबकॉन्ड्रल हाड (सांध्याच्या कूर्चेखालचं कडक हाड) टोकाला लागलं की थांबा. स्क्रूचं टोक सांध्याच्या पृष्ठभागापासून ५ ते ८ मिमी आत राहू दे. हेड नंतर थोडं खाली बसतंच, तेव्हा काठापर्यंत नेलेला स्क्रू ग्लेनॉइडला (सांध्याच्या खोबणीला) ओरबाडतो. कॅल्करचे दोन स्क्रू कधीच सोडू नका, बाकी एखादा कमी चालेल. आधारासाठी शाफ्टचं टोक किंचित आत सरकवून हेडमध्ये रुतवा. ५ मिमी लांबी गेली तर जाऊ द्या. तरी पोकळी उरली तर बाईंचीच फिब्युला, ६ ते ८ सेंमी, मधल्या तिसऱ्या भागातून. घोट्याकडचे किमान ७ सेंमी शिल्लक ठेवा. शेवटी सी-आर्मखाली (ऑपरेशनमधल्या एक्स-रे यंत्राखाली) हात फिरवत प्रत्येक स्क्रू पाहा. एकाच फोटोवर विसंबू नका.

प्रतिसाद २ (ओटी टेक्निशियन):
स्लीव्ह (ड्रिलची मार्गदर्शक नळी), स्क्रू आणि प्लेट एकाच कंपनीची आहेत का ते आदल्या दिवशी तपासा. आटे जुळले नाहीत तर स्क्रू तिरका लॉक होतो आणि नंतर काढताना डोकं झिजतं. ३.५ च्या स्क्रूला १.५ न्यूटन मीटरचा टॉर्क लिमिटर (स्क्रू जास्त आवळू न देणारं साधन) हवाच, तो सेटमध्ये बहुतेकदा नसतो. काही प्लेट हाडाला टेकल्यावर टाक्यांच्या छिद्रातून सुई जात नाही. दोरे आधीच ओवून ठेवा.

प्रतिसाद ३ (फिजिओ):
टाके भक्कम असतील तर दुसऱ्या दिवसापासून बोटं, मनगट, कोपर आणि पेंड्युलम (वाकून हात लोंबकळता झुलवणं). पहिले ६ आठवडे दुसऱ्याच्या हाताने ९० अंशांपर्यंत, स्वतः उचलणं नाही. ६ आठवड्यांनी एक्स-रेत हेड झुकलं नसेल तर स्वतःहून. भाकरी थापताना कोपर अंगाजवळ असतं, पण तळहाताचा दाब थेट खांद्यावर जातो; ८ ते १० आठवड्यांच्या आधी नको, तोवर दुसऱ्या कुणी थापाव्यात. आपल्याकडे पाणी आलं की घागरी आणि बादल्या भरायची घाई असते, तिथेच पेशंट चुकतात. पूर्ण १२ आठवडे भरलेली बादली उजव्या हाताने नाही, हे घरातल्या सगळ्यांसमोर सांगा.

धागाकर्ता:
एक्स-रे २, ६ आणि १२ आठवड्यांना ठेवतो.

प्रतिसाद १:
दुसऱ्या आठवड्याचा अ‍ॅक्सिलरी व्ह्यू (काखेच्या दिशेचा एक्स-रे) टाळू नका. दुखतं म्हणून काढू देत नाहीत, पण सांध्यात आलेला स्क्रू एपीमध्ये (समोरून काढलेल्या एक्स-रेत) लपून राहू शकतो.